बरणीचा राखणदार

मे महिना अर्धा सरला की कोकणातल्या परसात सगळं एकदमच पिकायला लागतं. कलमांवरचा शेवटचा हापूस, रायवळाखाली रोज सकाळी पडलेली रास, रातांब्यांनी लालभडक झालेलं झाड, कातळावरची करवंदं. घरात खाणारी माणसं चार आणि मृग पंधरा दिवसांवर. आगोटीची बेगमी करायची वेळ नेमकी हीच असते. पूर्वी ती गरज होती, कारण एकदा पाऊस धरला की वाटा बंद व्हायच्या आणि आश्विनापर्यंत घरात जे भरलेलं असेल तेच ताटात यायचं. आज दुकानं बारमाही उघडी असतात. म्हणून बेगमी सुटली, आणि फळं मात्र झाडाखाली कुजत राहिली. स्वतःचं झाड असलेल्या प्रत्येकासाठी हा लेख आहे, मग ती दहा कलमं असोत किंवा बंगल्याच्या कुंपणालगत वाढलेलं कैरीचं एकच झाड.

कोकणात प्रत्येक गावाला, जागेला राखणदार असतो. भरलेल्या बरणीलाही राखणदार लागतो, आणि आपल्या बरणीत तो कोण आहे हे भरणाऱ्याला ठाऊक असायला हवं. आंबटपणा, मीठ, साखर आणि उष्णता हे ते चार. तेल हा पाचवा म्हणतात, पण तेल फक्त वरून येणारी हवा अडवतं. ते मदतनीस आहे, एकट्याच्या भरवशावर बरणी सोपवावी असं नाही. जुन्या पाककृतींमध्ये यातले किमान दोन राखणदार एकत्र असतात. मोरांब्यात आंबटपणा आणि साखर, लोणच्यात आंबटपणा आणि मीठ. आता घरात कुणाला मधुमेह असतो, कुणाला रक्तदाब, म्हणून आपण आजीच्या प्रमाणातली निम्मी साखर काढतो, मीठ अर्ध्यावर आणतो, आणि बरणी मात्र आजीच्याच फडताळात ठेवतो. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा: प्रमाण कमी करायला हरकत नाही, पण मग बरणीची जागा बदला. कमी साखरेचा मोरांबा फ्रिजमध्ये, कमी मिठाचं लोणचंही फ्रिजमध्येच. राखणदार काढून घेतला तर दुसरा उभा करावा लागतो.

आता थोडं शास्त्र. बुरशी आणि यीस्ट आंबट पदार्थातही वाढतात, पण उकळत्या पाण्याच्या उष्णतेला टिकत नाहीत. खरी भीती वेगळ्या जिवाणूची आहे. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा मातीत सगळीकडे असतो. त्याचे बीजाणू तासन्‌तास उकळूनही मरत नाहीत आणि हवा नसलेली बंद बरणी त्याला मानवते. तिथे तो जे विष तयार करतो त्याला वास असेलच असं नाही, रंग बदलेलच असंही नाही. या विषाने माणसाचे स्नायू लुळे पडतात, श्वासही थांबू शकतो. पण त्याची एक दुबळी बाजू आहे: पीएच ४.६ पेक्षा कमी, म्हणजे त्याहून आंबट पदार्थात हा जिवाणू वाढू शकत नाही. म्हणून आंबट फळं घरच्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात बरणीबंद करता येतात, आणि भाज्या, डाळी, मटण तसे करता येत नाहीत. त्यांना प्रेशरखाली १२१ अंशांपर्यंत तापवावं लागतं. त्या वाटेला या लेखात जायचं नाही.

आपल्या परसातली फळं या रेषेच्या कुठल्या बाजूला बसतात ते पाहा. कैरी, रातांबा, कच्चं करवंद, आवळा, लिंबू ही निर्धोक आंबट. फणस, पपई, केळं, चिकू, सीताफळ पलीकडची. अंजीर रेषेवर किंवा रेषेपलीकडे. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप करायचा तो पिकलेला आंबा बसतो नेमका मध्ये. कैरी असताना तो चांगला आंबट असतो. पिकत जातो तसा आंबटपणा उतरतो, आणि फार पिकलेल्या हापूसचा पीएच ४.६ च्या वरही जाऊ शकतो. म्हणून आमरस नुसता उकळून बाटलीत भरणं बरोबर नाही, कितीही वर्षं कुणी केलेलं असलं तरी.

फळ कुठलंही असो, काम झाडापासून सुरू होतं. वाऱ्याने पडलेला, आपटलेला आंबा बरणीसाठी नाही. त्याचं त्याच दिवशी पन्हं करा, चटणी करा. बरणीसाठी झेल्याने, देठासकट उतरवलेलं फळ घ्या. देठ मोडला की चीक ओघळतो. तो सालीवर राहिला तर डाग पडतात आणि तोंडालाही खाजतं, म्हणून फळं देठ खाली करून चीक निथळू द्या आणि मग धुवा. वळवाच्या सरी पडून गेल्या असतील तर जास्त सावध राहा, कारण त्यानंतर फळमाशीचा त्रास वाढतो. बाहेरून सुरेख दिसणाऱ्या आंब्यात कोयीजवळ अळी निघते. हापूसमध्ये आणखी साका असतो. बाहेर कुठलीच खूण नसते, आत मात्र पांढुरका, आंबट, स्पंजासारखा गर. म्हणून रसाचे आंबे पिळू नयेत, एकेक कापून, आत पाहून मगच घ्यावेत. एक वाईट आंबा सबंध पातेलं वाया घालवतो.

आता भांडी. दोन प्रकारच्या बरण्या घरात असाव्यात आणि त्यांची कामं एकमेकींत मिसळू नयेत. मीठ किंवा साखर जिथे राखण करणार तिथे चिनी मातीची बरणी उत्तम. ती प्रकाश अडवते आणि आंबट-खारट पदार्थांनी खराब होत नाही. मात्र आतल्या झिलईला तडा गेला असेल तर ती बाजूला काढा, कारण त्या चिरेत जुनं लोणचं वर्षानुवर्षं घर करून असतं. बरणी धुऊन, कडकडीत ऊन दाखवून, निखाऱ्यावर हिंग टाकून त्या धुरावर पालथी धरायची रीत आहे. तिने बरणी निर्जंतुक होते असं मी म्हणणार नाही, पण आतला शेवटचा ओलावा जातो आणि तोच महत्त्वाचा असतो. तोंडावर स्वच्छ सुती दादरा बांधायचा आणि त्यावर झाकण.

उष्णता जिथे राखण करणार तिथे काचेचीच बरणी हवी, हवाबंद फिरकीच्या झाकणाची आणि अर्ध्या लिटरपेक्षा मोठी नको. रस दाट असतो आणि त्याच्या पोटापर्यंत उष्णता हळूहळू पोचते. लिटरभराच्या बरणीत बाहेरचा रस शिजून काळवंडतो तरी मधला पुरेसा तापलेला नसतो. झाकणं दर वर्षी नवी घ्या. झाकणाच्या आतली रबरासारखी कड एकदा दबली की दुसऱ्यांदा नीट बसेल याचा भरवसा नाही. कोकणात अनेक घरी थंड पेयांच्या किंवा बिअरच्या बाटल्यांत रस भरून हाताच्या यंत्राने पत्र्याचं बूच दाबतात. बूच नवं असेल आणि बाटली आतून खरोखर स्वच्छ झाली असेल तर तेही चालतं, पण अरुंद गळ्याची बाटली साफ करणं कठीण जातं. माझा कौल रुंद तोंडाच्या बरणीला आहे.

ही बंद करून उकळण्याची रीत आपल्याकडची नाही. फ्रान्समध्ये निकोला आपेर या मिठाई करणाऱ्या माणसाने ती बसवली. काचेच्या बाटल्यांत अन्न भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि त्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या. फ्रेंच सरकारने १८१० साली त्याला त्याबद्दल १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. अन्न का टिकतं याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. लुई पाश्चरचं काम व्हायला अजून अर्धशतक होतं. पण त्याने क्रम अचूक पकडला होता: आधी बंद करायचं, मग तापवायचं. आपल्याकडे पुष्कळ जण उलट करतात. रस तापवतात, बरणीत ओततात, झाकण लावून पालथी करून ठेवतात आणि काम झालं म्हणतात. ओतताना शिरलेली हवा, झाकणाची आतली बाजू, बरणीचा गळा हे सगळं तसंच राहतं. पालथी बरणी ही बंद करून उकळलेल्या बरणीची जागा घेऊ शकत नाही.

आमरसाची पद्धत सविस्तर सांगते, कारण चुकायला जागा इथेच जास्त आहे. आढीतले आंबे पूर्ण पिकलेले पण घट्ट असताना काढा, सुरकुतलेले नकोत. मध्यम आकाराच्या डझनभर हापूसचं वजन तीन किलोच्या आसपास भरतं आणि साल-कोय जाऊन साधारण दीड ते पावणेदोन किलो रस मिळतो. एवढ्याला चार लहान बरण्या पुरतात. त्या आधी गरम पाण्यात ठेवा. साल काढून, कापून, तपासून गर पुरणयंत्रातून काढा. त्यात पाणी अजिबात घालू नका. स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवून लाकडी पळीने ढवळत राहा. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यांना आंबट रस लागू देऊ नका. दर किलो रसाला ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड थोड्या गरम पाण्यात विरघळवून घाला. चहाचा सपाट चमचा म्हणजे अंदाजे तेवढंच, पण स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर तोलूनच घ्या. हे औषध नव्हे आणि भेसळही नव्हे. लिंबात असतं तेच हे आम्ल. लिंबाचा रस घालून भागेल का असं विचारतात. लिंबालिंबाचा आंबटपणा वेगळा असतो, त्यामुळे अंदाज चुकतो.

प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात पीएच कागदाच्या पट्ट्या मिळतात. आम्ल नीट मिसळल्यावर एक पट्टी बुडवून पाहा. आकडा ४.२ च्या खाली दिसला पाहिजे. दिसला नाही तर चिमूट-चिमूट आम्ल वाढवा. रसात साखर घालायची की नाही ही चवीची बाब आहे. किलोला शंभर-दीडशे ग्रॅम साखरेने रंग आणि स्वाद बरा टिकतो, राखण मात्र त्या साखरेने होत नाही.

कडेने बुडबुडे यायला लागले आणि रस ८५ ते ९० अंशांवर आला की थांबा. फार उकळलात तर रंग जातो आणि आंब्याला आटवलेल्या रसाचा वास येतो. गरम बरणीत गरम रस भरा, वर अर्धा इंच जागा सोडा. आतले हवेचे बुडबुडे स्वच्छ सुरीने काढा, बरणीचा काठ ओल्या फडक्याने पुसा. काठावर रसाचा एक तंतू राहिला तरी झाकण बसत नाही. आता झाकणं लावा आणि मोठ्या पातेल्याच्या तळाशी जुन्या कापडाची घडी किंवा जाळी घालून त्यावर बरण्या एकमेकींना न टेकवता ठेवा. पाणी आधीपासून गरम असावं आणि झाकणांच्या वर इंचभर यावं. पाणी खळखळा उकळायला लागल्यावर घड्याळ लावा: अर्ध्या लिटरच्या बरणीला तीस मिनिटं. समुद्रसपाटीच्या गावात पाणी शंभर अंशांना उकळतं, वर जाल तसं कमी अंशांना. पुण्यात पाच मिनिटं जास्त, महाबळेश्वरात दहा मिनिटं जास्त द्या. नंतर बरण्या काढून थेट थंड कडाप्प्यावर ठेवू नका, तडकतात. लाकडी पाटावर जाड कापडावर ठेवा आणि बारा तास हलवू नका. थंड होताना आतली हवा आक्रसते आणि झाकणाचा मध्य आत ओढला जातो. दुसऱ्या दिवशी प्रत्येक झाकण बोटाने दाबून पाहा. जे खालीवर होऊन टक्‌ वाजतं ती बरणी बंद झालेली नाही. ती फ्रिजमध्ये ठेवा आणि त्या आठवड्यातच संपवा.

घरी मोठा फ्रीझर असेल तर हे सगळं टाळता येतं. गोठवलेल्या रसाला आम्ल लागत नाही, चवही ताजी राहते. पण पावसाळ्यात कोकणात वीज किती तास जाते हे ज्याचं त्याला माहीत. मी बरणीच्या बाजूची आहे.

कैरीचं काम सोपं आहे, कारण आंबटपणा तिच्यातच आहे. साखरांबा, गुळांबा, मोरांबा यांच्या नावांवरून आणि रीतींवरून घराघरात मतं वेगळी असतात, ती असू देत. गोडाचं प्रमाण मात्र हलकं नको. सोललेल्या फोडींच्या वजनाच्या दीडपट साखर, पाक दोन तारी. घरात थर्मामीटर असेल तर पाक साधारण १०५ अंशांवर गेला की त्यात पुरेशी साखर झाली असं समजा. इतक्या दाट पाकात जिवाणूंना लागणारं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं. फोडी आधी हलक्या वाफवून घ्या, पारदर्शक व्हायला लागेपर्यंतच. कच्च्या फोडी थेट दाट पाकात टाकल्या तर बाहेरून आक्रसतात, आत पाक जात नाही आणि त्या कातड्यासारख्या लागतात.

मोरांबा बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने, आणि पुस्तकांत ते क्वचितच लिहिलेलं असतं. केला त्या दिवशी पाक दाट दिसतो. पुढच्या चार-पाच दिवसांत फोडी साखर आत घेतात आणि आपलं पाणी बाहेर सोडतात. पाक पातळ होतो, आणि त्या पातळ पाकावर श्रावणात बुरशी येते. म्हणून बरणी भरल्यावर पाचव्या दिवशी उघडून पाक दोन बोटांत धरून पाहा. तार येत नसेल तर फोडी बाजूला काढून नुसता पाक पुन्हा उकळून दाट करा, निववा आणि परत भरा. वेलची-केशर या दुसऱ्या उकळीनंतर घातलं तर वासही टिकतो. गुळांब्याला हे जास्तच लागू आहे. गुळात पाण्याचा अंश असतो आणि तो प्रत्येक ढेपेला वेगळा.

कोवळ्या, बाठा न धरलेल्या कैऱ्या मिठात घालायची रीत कोकणापासून गोव्यापर्यंत आहे. गोव्यात त्यांना चेपणीची तोरं म्हणतात. किलोभर कैऱ्यांना दोनशे ते अडीचशे ग्रॅम जाडं मीठ घ्या, कैऱ्या पूर्ण कोरड्या करून थरावर थर द्या आणि वर स्वच्छ धुतलेला, वाळवलेला दगड ठेवून चेपा. दोन-तीन दिवसांत मिठाचं पाणी सुटतं. शेवटची कैरीही त्या पाण्याखाली बुडालेली हवी. जी वर डोकावते ती आधी नासते आणि इतरांना नासवते. वर पातळ पांढरी साय धरली तर ती काढून टाका आणि चेपण नीट करा. कैरी बुळबुळीत झाली असेल किंवा वास फिरला असेल तर मात्र दयामाया नको. पावसात उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर यातली एक कैरी दोघांना पुरते. रक्तदाब असलेल्यांनी ती पाण्यात भिजत घालून मगच खावी.

रातांब्याला आपल्या घरांत जेवढा मान आहे त्यापेक्षा जास्त मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं. झाडाला ना फवारणी लागते ना पाणी, आणि एका फळातून आमसूल, आगळ, सरबत आणि बियांपासून तेल एवढं सगळं निघतं. अडचण एकच: त्याची फळं मेच्या मध्यापासून जूनपर्यंत येतात, म्हणजे निम्मी पावसात सापडतात. आमसुलं वाळवायला ऊन लागतं. सालीला मीठ लावून, त्याच फळाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायची असते आणि त्याला आठवडाभराचं चांगलं ऊन खर्च होतं. आभाळ भरून आलं असेल तेव्हा आमसुलांचा हट्ट सोडा आणि बरणीकडे वळा.

आगळासाठी फळं धुऊन, पुसून, फोडा. साल, गर, बिया सगळं किलोला दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लावून चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत भरा. रोज लाकडी पळीने खालीवर करा. आठवड्यात रस सुटून साली मऊ पडतात. तो कापडातून गाळून कोरड्या बाटल्यांत भरा. हेच आगळ वर्षभर सोलकढीला, आमटीला चालतं. ते आंबट आणि खारट आहे, दोन राखणदार आहेत, त्याला उकळायची गरज नाही. मीठ आणि आम्ल एकत्र आलं की स्टीललाही बारीक खड्डे पडतात, म्हणून स्टीलच्या डब्यात साठवू नका. झाकणही पत्र्याचं नको.

अमृत कोकमाला, म्हणजे रातांब्याच्या सरबताच्या पाकाला, फक्त साली घ्यायच्या. वजनाच्या दुप्पट साखर, काचेच्या बरणीत सालीचा थर, साखरेचा थर, सगळ्यात वर साखर. आठ-दहा दिवस रोज हलवायचं. तळाला न विरघळलेली थोडी साखर राहिली तर काळजी नको, उलट पाक पुरेसा दाट असल्याची ती खूण आहे. साखर सगळी विरघळली आणि पाक पाण्यासारखा झाला तर आणखी साखर घाला. जिरेपूड आणि मीठ गाळल्यावर. रंग टिकवायचा तर बाटल्या अंधारात ठेवा. रातांब्याचा लाल रंग प्रकाशाने आणि उष्णतेने उतरतो. बाजारात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट नावाची पूड टिकाऊपणासाठी मिळते. तिने रातांब्याचा, करवंदाचा लाल रंग फिका पडतो आणि दमा असलेल्या काहींना ती सोसत नाही. घरापुरतं करायचं असेल तर मला तिची गरज वाटत नाही.

करवंदात पेक्टिन भरपूर असतं, म्हणून त्याची जेली बाहेरचं काही न घालता होते. कच्ची-पिकी मिसळून घ्या, कारण पूर्ण पिकल्यावर पेक्टिन कमी होतं. देठ काढा, चीक धुऊन टाका, बुडतील एवढ्याच पाण्यात शिजवा आणि कापडात बांधून रात्रभर टांगून ठेवा. पिळायचा मोह आवरा, जेली गढूळ होते. लिटरभर रसाला पाऊण किलो साखर घालून भर आचेवर उकळा. पळीवरून पडताना थेंब एकमेकांना धरून पडद्यासारखे ओघळले की झाली. गरम असतानाच गरम बरण्यांत भरा आणि दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा.

फणसाचे पाकातले गरे बरणीत टिकवायची हौस अनेकांना असते. गरा आंबट नाही, जाडही असतो, त्यामुळे पाकाची साखर आणि आम्ल त्याच्या मध्यापर्यंत पोचलं की नाही हे घरी कळत नाही. फणसपोळी करा, गरे गोठवा, तळा. बरणीत नको. सीताफळाचा गर तर तापवला की कडवट होतो, त्याला फ्रीझरच बरा.

अमेरिकेत, युरोपात मागच्या अंगणात सफरचंदाचं, आलुबुखाराचं झाड असलेली मराठी घरं आता कमी नाहीत, आणि त्यांची बेगमी खऱ्या अर्थाने हिवाळ्याची असते. त्यांना हेच नियम लागू आहेत. सफरचंद, आलुबुखार, आंबट चेरी निर्धोक बाजूची. पिवळं गोल आशियाई नासपती मात्र पुरेसं आंबट नसतं, त्याला बाटलीतला तयार लिंबूरस घालावा, कारण त्याचा आंबटपणा ठरावीक असतो. बरण्या न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवू नयेत. आतलं गोठलं की फुगतं आणि झाकण सैल होतं.

भरलेल्या प्रत्येक बरणीवर फळ, तारीख आणि मीठ-साखरेचं प्रमाण लिहा. पुढच्या वर्षी ते प्रमाण सोन्याच्या मोलाचं असतं. जागा अंधारी आणि कोरडी हवी, चुलीजवळची किंवा गॅसवरच्या फळीवरची नको. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, तर बरण्या भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा आणि पंधरवड्याने कोरड्या फडक्याने पुसा. मोठी बरणी रोज उघडू नये. आठवड्यापुरतं लहान सटात काढून घ्यावं, कोरड्या चमच्याने. भर पावसात हवेतलं पाणीही बरणीत शिरतं.

उघडण्याआधी पाहा. झाकण फुगलंय, आत बारीक बुडबुडे उठताहेत, रस झाकणाखालून पाझरलाय, उघडताच फसकन्‌ हवा बाहेर आली, तर चाखूनसुद्धा पाहू नका. बरणी पिशवीत बांधून टाकून द्या, जनावरांनाही घालू नका. वरची बुरशी काढून खालचं खायची सवयही सोडायला हवी. बुरशी फळातलं आम्ल खाऊन वाढते, म्हणजे ज्या आंबटपणाच्या भरवशावर आपण बरणी ठेवली तोच कमी होतो. बरणी बिघडलेली नसेल तर आमरस उघडल्यावर फ्रिजमध्ये तीन दिवस, करवंदाची जेली महिनाभर, आणि आगळ व अमृत कोकम बाहेर ठेवलं तरी पुढच्या रातांब्यांपर्यंत. सगळ्यात आधी आमरसाच्या बरण्या संपवा, गणपतीपासून दिवाळीपर्यंत. त्यांचा रंग आणि वास त्यानंतर उतरत जातो.